कथाबीज शोधताना क्रम कुठे चुकतो: वेचण्यापासून पहिल्या पानापर्यंत

‘काही सुचत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी आधी वही मागतो. बऱ्याच जणांकडे ती नसतेच. ज्यांच्याकडे असते त्यांच्या वहीत ‘एकटेपणा’, ‘नात्यांतला दुरावा’, ‘पैशाचा मोह’ असे शब्द एकाखाली एक लिहिलेले असतात. हे झाले विषय. त्यांवर निबंध होईल, भाषण होईल. कथेला एखादा माणूस लागतो, त्याच्या हातात काहीतरी लागतं, आणि त्यात कुठेतरी खटकावं लागतं.

दुसरी चूक क्रमाची. वेचणं, पारखणं आणि लिहिणं ही तीन कामं लोक एकाच बैठकीत उरकायला बघतात. काही सुचलं की लगेच तोलायला घेतात, ‘छे, यात काय आहे’ म्हणून टाकून देतात आणि पुन्हा कोऱ्या कागदाकडे बघत बसतात. खालच्या क्रमाने गेलात तर पहिले चारेक आठवडे तुम्ही कथा लिहिणारच नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तयारी

खिशात मावेल अशी वही आणि पेन. मोबाइलवर टिपणार असाल तर सगळं एकाच ठिकाणी. अर्धं स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये, अर्धं आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये, काही पाकिटाच्या मागे, असं विखुरलेलं पुन्हा कोणी वाचत नाही.

वही देखणी नको. जाड कागदाच्या सुरेख वहीत माणूस सुरेखच लिहायला जातो, आणि इथे सुरेख काही नकोय. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती यांच्या ७३ वह्या मागे राहिल्या. त्यांत खुनाचे बेत आणि सामानाच्या याद्या एकमेकांना खेटून आहेत. काही बिघडलं नाही.

प्रत्येक नोंदीवर तारीख घाला आणि उजवीकडे अर्धं पान मोकळं सोडा. त्या जागेचं काम पुढे, तिसऱ्या टप्प्यात आहे.

टप्पा १: नोंद कशी करायची

रोज तीन नोंदी, प्रत्येकी दोन-तीन ओळींच्या. जास्त नकोत. दहा-दहा नोंदींचा संकल्प करणारे आठवड्याच्या आत थकतात.

नोंदीत डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असं काहीतरी असलंच पाहिजे. फरक असा:

कच्ची नोंद: ‘म्हातारपणातली असहायता. रुग्णालयात एक आजोबा पाहिले. वाईट वाटलं.’

पक्की नोंद: ‘आजोबा, हातात दोन मोबाइल. एक सारखा वाजतोय, तो उचलत नाहीत. दुसरा वाजत नाही, त्याच्याकडे बघत बसलेत.’

पहिल्या नोंदीत तुमचं मत आहे. सहा महिन्यांनी वाचाल तेव्हा तेच मत पुन्हा हाती येईल, दुसरं काही नाही. दुसरीत प्रश्न दडलेला आहे, आणि तो शिळा होत नाही.

बोलणं टिपताना शब्द जसेच्या तसे घ्या, व्याकरण सुधारू नका. ‘तिने येण्यास नकार दिला’ आणि ‘मी नाही येणार, तू सांग मी मेले म्हणून’ यांतलं दुसरं वाक्य माणूस घेऊन येतं. पहिलं हवं तेव्हा बनवता येतं.

*सावध:* ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेली गोष्ट राहत नाही. राहिलीच तर तिचा गुळगुळीत झालेला गोटा राहतो, कोपरे झिजलेले असतात. झोपेतून उठल्यावर तर दोन मिनिटांच्या आत लिहा.

टप्पा २: कुठे वेचायचं

सगळीकडे, हे उत्तर खरं असलं तरी निरुपयोगी आहे. पाच ठिकाणी ठरवून जा.

*स्वतःची शरम.* आठवणींकडे वळणारे बहुतेक जण सुखाच्या किंवा दुःखाच्या आठवणी काढतात. त्या आपण इतरांना इतक्या वेळा सांगितलेल्या असतात की त्यांचा साचा बसून गेलेला असतो. ज्या आठवणीने आजही एकटे असताना कान तापतात, ती घ्या. खोटं पकडलं गेलं तो क्षण. कोणाचीतरी बाजू घ्यायला हवी होती आणि आपण बुटाची लेस बांधत राहिलो, तो क्षण. ही जागा सगळ्यांत समृद्ध, आणि नवे लेखक हीच टाळतात. इथून पंधरा-वीस नोंदी तरी निघाल्या पाहिजेत. घटना तशीच्या तशी छापायची नाही, हे मनाला बजावून सांगा, म्हणजे हात मोकळा होतो.

*कान.* रांगेत, प्रवासात, प्रतीक्षागृहात संभाषणाचा एखादा तुकडाच कानावर पडतो. तो तुकडाच पुरे. पुढे काय झालं ते विचारायला जाऊ नका. कादंबरीकार हेन्री जेम्स यांना एका जेवणाच्या वेळी शेजारी बसलेल्या बाईंनी आई-मुलाच्या भांडणाची हकीकत सांगितली. पहिल्या दहाएक शब्दांतच त्यांना बीज मिळालं होतं, बाई मात्र थांबल्या नाहीत. उरलेला तपशील आपल्या उपयोगाचा नाही, उलट अडचणीचाच आहे, असं त्यांनी पुढे या बीजातून झालेल्या ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं. कोणी ‘माझ्या आयुष्यावर कादंबरी होईल’ म्हणत सगळं साद्यंत सांगायला बसलं की मला हे हटकून आठवतं.

*बातम्या, पण आतल्या पानांच्या.* पहिल्या पानावरच्या घटनेवर तुमच्यासारखेच शेकडो जण लिहायला बसलेले असतात. चार ओळींची बातमी शोधा, विशेषतः न्यायालयाची. तिथे माणसं, पैसा, कारण आणि परिणाम एकाच परिच्छेदात उभे असतात आणि मधलं सगळं गाळलेलं असतं. आंत्वान बेर्ते नावाच्या तरुणावर १८२७ मध्ये फ्रान्समध्ये खटला चालला. आपण जिच्या घरी शिकवणी करत होतो त्या बाईवर त्याने चर्चमध्ये गोळी झाडली होती. वर्तमानपत्रात आलेल्या त्या खटल्याच्या हकीकतीवरून फ्रेंच लेखक स्तांदाल यांची ‘द रेड अँड द ब्लॅक’ ही १८३० सालची कादंबरी उभी राहिली. सांगाडा बातमीचा होता. त्या तरुणाच्या डोक्यात काय चाललं होतं, ते कोणत्याच बातमीत नव्हतं. गाळलेली ती जागा तुमची.

*वस्तू आणि जागा.* एक खोली घ्या, तिथल्या दहा वस्तूंची यादी करा, आणि कोणती वस्तू तिथे असायला नको होती ते ठरवा. नकाशा काढणं हाही चांगला मार्ग. १८८१ च्या उन्हाळ्यात पावसामुळे घरात अडकून पडलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी सावत्र मुलाबरोबर खेळता खेळता एका बेटाचा नकाशा रंगवला. त्या नकाशाकडे बघता बघता त्यांना बेटावरची माणसं दिसू लागली, आणि ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीच्या प्रकरणांची यादी तयार झाली.

*तुमचं काम.* हिशेबनीस, परिचारिका, वायरमन, शिक्षक, कोणीही असा. तुमच्या कामात बाहेरच्यांना माहीत नसलेली एखादी लबाडी असते, एखादा अलिखित नियम असतो, एखादा शब्द असतो. रोजचंच म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. नव्याने रुजू झालेल्याला पहिल्या दिवशी काय विचित्र वाटलं, ते विचारा.

पुस्तकं वाचून सुचतं का? सुचतं, पण बहुधा त्याच पुस्तकाची सावली सुचते. वाचताना जिथे ‘हे असं होणार नाही’ म्हणून चिडलात, तेवढीच जागा टिपा. भांडणातून आलेलं बीज तुमचं असतं.

*तपासून पाहा:* दोन आठवड्यांनी चाळीसेक नोंदी झाल्या आहेत का? त्यांतल्या किती नोंदींमध्ये एखादी वस्तू किंवा बोललेलं वाक्य आहे? निम्म्यांहून कमी असतील तर पुढे जाऊ नका. पहिला टप्पा आणखी आठवडाभर करा.

टप्पा ३: मुरू द्या

आता वही दहा दिवस उघडायची नाही. नव्या नोंदी दुसऱ्या वहीत करा.

इथे लोकांचा धीर सुटतो, आणि बीज कोणालातरी सांगून टाकलं जातं. माझ्या एका बऱ्या बीजाचं मी असंच मातेरं केलंय. मित्राला इतकं रंगवून सांगितलं की तो वाहवा करून गेला, आणि घरी येऊन लिहायला बसलो तर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिला खर्डा होईपर्यंत तोंड बंद.

दहा दिवसांनी सगळ्या नोंदी एका बैठकीत वाचा. वाचताना काही मनात आलं तर उजवीकडच्या मोकळ्या जागेत लिहा. ज्या नोंदी न वाचताही आठवत होत्या, त्यांवर खूण करा. सात-आठ निघतील. बाकीच्या फाडून टाकू नका. आज मेलेली नोंद पुढल्या वर्षी दुसऱ्या नोंदीशेजारी येऊन उठून बसते.

टप्पा ४: दोन नोंदी जोडा

एका नोंदीतून सहसा प्रसंग निघतो. कथा व्हायला दुसरी नोंद येऊन घासावी लागते. नवशिक्याची कथा दीड पानात संपते आणि मग वर्णनांनी फुगवली जाते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

खूण केलेल्या नोंदी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा आणि टेबलावर मांडा. मिळत्याजुळत्या नोंदी एकत्र ठेवायचा मोह होईल, तो टाळा. दोन दुःखी नोंदी मिळून जास्त दुःखी नोंद होते, एवढंच. दुरून आलेल्या दोन नोंदी शेजारी ठेवा.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

नोंद अ: ‘घड्याळ दुरुस्तीच्या टेबलाशी एक माणूस. म्हणतो, काच बदला, चालू मात्र करू नका.’

नोंद आ: ‘घरातल्या सामानाची वाटणी. यादीत एका वस्तूपुढे शेरा: कोणालाच नको.’

‘कोणालाच नको’ असलेली वस्तू म्हणजे हे घड्याळ. मग कोणालाच नको असलेल्या घड्याळाची काच बदलायला कोण आलाय? वाटणीच्या वेळी तो गप्प का होता? एकेकट्या नोंदीत हा ताण नव्हता.

*सावध:* वीस जोड्या करून पाहाव्या लागतील, आणि अठरा फुकट जातील. पहिल्या तीन जोड्या जमल्या नाहीत म्हणून उठू नका.

टप्पा ५: पहिली उत्तरं खोडा

जोडीला एकच प्रश्न विचारायचा: असं का? उत्तरं क्रमाने लिहायची, किमान पाच.

तो घड्याळ चालू का करू देत नाही?

एक, कोणीतरी गेलं त्या वेळेवर ते थांबलंय. दोन, प्रेयसीने दिलेलं आहे. तीन, आत काहीतरी लपवलंय.

ही तिन्ही खोडा. पहिली उत्तरं आपल्या डोक्यातून येत नाहीत, पूर्वी पाहिलेल्या-वाचलेल्यातून येतात, आणि वाचकाच्या डोक्यातही तीच तयार असतात. एआयसारख्या यंत्राला कल्पना विचारणाऱ्यांचीही गत अशीच होते. झटपट मिळणारी यादी बहुधा सगळी या पहिल्या तीनांतली.

चौथ्याला वेळ लागतो. थोडं फिरून या. चौथं: लहानपणी हे घड्याळ धाकट्याच्या हातून पडून बंद झालं, मार थोरल्याने खाल्ला, आणि घरात सगळे अजून थोरल्यालाच धसमुसळा म्हणतात. पाचवं: काच फुटून धुरकट झाली आहे. दुकानात आलेला माणूस म्हणजे हा थोरलाच, आणि वाकलेला काटा नीट दिसावा म्हणून त्याला काच नवी हवी. काटा कसा वाकलाय यावरून ते कोणाच्या हातून, कसं पडलं ते धाकट्याला ओळखता येईल, असं थोरल्याला वाटतं. घड्याळ चालू झालं तर पुरावाच जाईल.

आता आपल्याजवळ एक हट्टी, थोडा हास्यास्पद माणूस आहे. चौथ्या-पाचव्या उत्तरानंतर पात्राबद्दल तुम्हाला थोडं अवघडल्यासारखं वाटलं, तर दिशा बरोबर आहे.

टप्पा ६: बीज पारखा

पारखायचं ते आत्ता, आधी नाही. तीन चाळण्या.

पहिली, एका वाक्यात सांगा: कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय? ‘थोरल्याला मोडकं घड्याळ मोडकंच राहायला हवंय, आणि धाकट्याने ते त्याला भेट म्हणून दुरुस्त करून द्यायचं ठरवलंय.’ जमलं. वाक्यात ‘प्रवास’, ‘शोध’, ‘संघर्ष’ असे शब्द यायला लागले तर समजा, आत माणूस नाही.

दुसरी, पात्राच्या जागी कोणीही चालेल का? थोरल्याऐवजी शेजारी घातला तर कथा कोसळते. चांगली खूण आहे ही. न कोसळणारं बीज पुन्हा टप्पा ५ मध्ये न्या.

तिसरी चाळणी वैयक्तिक. शेवट तुम्हाला आत्ताच लख्ख माहीत असेल तर मी जरा साशंक होईन. काही लेखकांचं शेवट ठरवल्याशिवाय हलत नाही, तेही खरं. पण नवशिक्याला लख्ख दिसणारा शेवट बहुधा खोडलेल्या तीन उत्तरांतूनच आलेला असतो.

याच टप्प्यावर दोन गोष्टी तपासून घ्या. बीज खऱ्या माणसावरून आलं असेल तर नाव बदलून भागत नाही. वय, व्यवसाय, घरातली माणसं आणि घटनेचं ठिकाण यांतल्या निदान तीन गोष्टींचं रूप बदला, आणि त्या माणसाने वाचलं तर त्याला काय वाटेल ते स्वतःला विचारा. ‘दुसऱ्याची कल्पना चोरली जाईल का’ या भीतीबद्दल: कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो. बौद्धिक संपदेवरच्या १९९४ च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ९ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. भावांच्या भांडणावर कोणीही लिहू शकतं. दुसऱ्याची वाक्यं, किंवा त्याची पात्रं आणि प्रसंगांची गुंफण उचलणं हा वेगळा मामला.

टप्पा ७: एक पान, पण सुरुवातीचं नको

पहिल्या वाक्यापासून लिहायला बसाल तर आठवडा पहिल्या वाक्यातच जाईल. ज्या प्रसंगामुळे बीज डोक्यात राहिलं, तो आधी लिहा. आपल्या उदाहरणात दुकानातलं ते टेबल: तो माणूस घड्याळ पुढे सरकवतो, दुरुस्ती करणारा झाकण उघडायला लागतो, आणि हा त्याचा हात धरतो. वीस मिनिटं, न थांबता, न खोडता.

*तपासून पाहा:* या पानात तुम्ही आधी न ठरवलेलं एक तरी काही आलं का? एखादा शब्द, एखादी सवय, दुरुस्ती करणाऱ्याचा अनपेक्षित प्रश्न? आलं असेल तर बीज रुजलंय, पुढे लिहा. वीस मिनिटांत फक्त ठरवलेलंच उतरलं असेल तर वही मिटा आणि दुसरी जोडी घ्या. ही चिठ्ठी ठेवून द्या.

काहीच हाती लागत नाही तेव्हा

आधी एक दाखला. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची असं मित्रमंडळींत ठरलं. अठरा वर्षांच्या मेरी शेली यांना रोज सकाळी विचारलं जाई, सुचली का गोष्ट? आणि रोज त्यांना ‘नाही’ म्हणावं लागे. मग एका रात्री निर्जीवात प्राण फुंकता येईल का, यावर इतरांची चर्चा त्यांनी ऐकली, आणि अर्धवट झोपेत चित्र दिसलं. त्यातून झालेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ मध्ये आली. त्या कोऱ्या दिवसांत त्या गप्प बसून ऐकत होत्या, एवढं लक्षात घ्या.

तुमचे कोरे दिवस लांबले तर नामांची यादी करा. अमेरिकन कथाकार रे ब्रॅडबरी तरुणपणी हे करत: तळं, दरी, गर्दी, पोटमाळा अशी नुसती नामं एकाखाली एक लिहायची आणि कुठलं टोचतं ते बघायचं. पाच मिनिटांत तीस शब्द, अर्थ न लावता. जे नाम लिहिताना हात किंचित अडखळला त्याच्याखाली रेघ मारा, आणि त्यावर पहिल्या टप्प्यातल्यासारखी एक पक्की नोंद करा.

तरीही काही नाही? मग अडचण बहुधा सुचण्याची नसते. नोंदी असतात, खुणाही असतात, पण त्या शरमेच्या पानाला बगल देऊन बाकी सगळीकडे हिंडणं चाललेलं असतं. टप्पा २ मधला ‘स्वतःची शरम’ हा परिच्छेद पुन्हा वाचा आणि आज रात्री तिथली एक नोंद करा, दोनच ओळींची.